थकीत जावई

माणसाची पत ही मोजायची गोष्ट नव्हे. ती त्याच्या शब्दात, वागण्यात आणि चार लोकांत झालेल्या नावात असते. हे वाक्य तपासनिसाने स्वतः, आपल्या खात्याच्या वार्षिक समारंभात, मध्यम टाळ्यांच्या साथीने उच्चारले होते. घरासाठी कर्ज मागायला तो गेला तेव्हा बँकेतल्या बाईंनी ती मोजून दाखवली. पतगुण पाचशे एक्याऐंशी. त्यांनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला आणि कवळीच्या जाहिरातीत दाखवतात तसे बोट त्या आकड्याखाली फिरवले. गेली सव्वीस वर्षे तो दुकानोदुकानी जाऊन लोकांचे काटे तपासत होता, प्रमाण वजनांची मखमली अस्तराची पेटी उघडून किलोला किलो भिडवत होता, कमी भरणाऱ्यांकडे मान तिरकी करून पाहत होता. आता काट्यावर तो होता आणि मान बाईंची तिरकी झाली होती.

"दोन दुकानांची खाती थकीत दिसताहेत. एक कपाटांच्या दुकानाचं, एक त्या घरगुती वस्तूंच्या मोठ्या दुकानाचं."

"दोन्ही फेडलीत मी. कधीच."

"असतील. पण इथं दिसत नाही."

"मी दिसतोय ना तुम्हाला?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिले. तो दिसत होता. त्याचा काही उपयोग नव्हता. "दुरुस्त करून आणा," त्या म्हणाल्या. "आणि एक जामीनदार बघून ठेवा. घरातलंच कोणी, पत चांगली असलेलं. आहे ना कोणी?"

होता. हेच तर दुखणे होते. बँकेच्या काचेच्या दारातून बाहेर पडताना, दार ढकलायचे की ओढायचे हा रोजचा प्रश्नही न पडता, तपासनिसाच्या डोक्यात एकच आकडा वाजत होता आणि तो पाचशे एक्याऐंशी नव्हता. आठशे चार. हा साडूचा होता. साडूने तो मागच्याच महिन्यात सासऱ्यांच्या घरी, सगळे जेवायला बसलेले असताना, एखाद्याने आपला रक्तदाब सांगावा तसा सहज सांगितला होता. "आठशे चार निघाला माझा. मी काही केलं नाही हं त्यासाठी." आणि ते खरेच असणार, कारण साडूने आयुष्यात कशासाठी काही केल्याचे कुणाच्या ऐकिवात नव्हते. साडू कचेऱ्यांना खुर्च्या विकायचा. खुर्च्या विकणे म्हणजे काय, तर गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचे, आपण दुसरीत बसायचे आणि गिऱ्हाइकाला उठावेसे वाटेनासे होईपर्यंत गप्पा मारायच्या. तपासनीस दिवसभर उभा. दुकानदार त्याला स्टूलसुद्धा भीतभीत द्यायचे, कारण स्टूल ही लाच धरली जाईल का, याचा त्यांना अंदाज नसायचा. सव्वीस वर्षांत त्याच्या पोटऱ्यांतल्या शिरा निळ्या दोऱ्यांसारख्या वर आल्या होत्या, आणि साडूच्या अंगावर एकच फुगवटा होता, तोही समाधानाचा.

आणि सासरे हसायचे. सासरे दातांचे डॉक्टर. आयुष्यभर लोकांना खुर्चीत आडवे पाडून त्यांनी दात काढले, आणि निवृत्त झाल्यावर साडूने त्यांना मागे रेलणारी, बाजूला दांडा असलेली एक खुर्ची भेट दिली. तिच्यात आडवे होऊन ते आता स्वतःचे दात दाखवत होते. पण दाखवायचे कुणाला? तपासनीस खोलीत आला की सासऱ्यांचे हसू नीट, आखूड, पाहुण्याला पाणी द्यावे तसे यायचे. साडू आला की खुर्चीचा दांडाच हलल्यासारखे सगळे शरीर हसायचे. हा फरक दुसऱ्या कुणाला कळला नसता. बायकोला त्याने एकदा सांगून पाहिला, तर ती म्हणाली, "अहो, हसूसुद्धा वजन करून घेता का तुम्ही?" पण फरक होता, आणि तो असण्याला काही कारण नव्हते. मोठा जावई तो. सासूबाईंच्या आजारपणात दवाखान्यात रात्री काढल्या त्याने; साडू फक्त फुगे घेऊन आला होता, आणि सासूबाईंना शुद्धीवर आल्यावर आठवले ते फुगे. पहिली काही वर्षे सासरे त्याच्याशीही मोकळे होते, निदान तोंड उघडायला लावून दाढा तपासण्याइतके. मग केव्हातरी काहीतरी आटले. केव्हा, हे त्याला नेमके सांगता येत नसे. उन्हात ठेवलेल्या भांड्यातले पाणी कुठल्या मिनिटाला कमी झाले हे कुणाला सांगता येते?

"भावोजींना विचारू का मी?" संध्याकाळी बायकोने विचारले. ती घडी घातलेले कपडे पुन्हा उलगडून घड्या घालत होती. काळजीत असली की ती तेच करायची. भाड्याचे हे घर सोडायचे होते, मालकिणीची मुलगी नवऱ्यासकट राहायला येणार होती. शोधून शोधून दोन खोल्यांची एक जागा परवडण्यासारखी मिळाली होती. विकणारा महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता, त्यानंतर नाही.

"नको."

"एक सही तर करायचीय त्यांना. नाही म्हणायचे नाहीत."

"नाही म्हणायचा नाही, म्हणूनच नको." साडू सही कशी करील ते त्याला दिसत होते. बसल्या बसल्या, पेन झटकून, "साडूभाऊ, यात काय एवढं!" असे म्हणत. आणि मग त्या दोन खोल्यांत जन्मभर, खिडकी उघडताना, बाथरूमचा नळ बंद करताना, भिंतीला खिळा मारताना, त्या घराखाली साडूची सही पाचर मारल्यासारखी असणार. साडू येणार, सोफ्यावर पसरणार आणि एक अक्षरही बोलणार नाही, हे सगळ्यात वाईट. "मी माझी पत स्वच्छ करून आणतो," तपासनीस म्हणाला. "मग कुणाच्या बापाची सही लागत नाही."

"माझ्या बापाची चालेल का?" बायको म्हणाली. तो हसला नाही.

कपाटवाल्याचे प्रकरण सोपे निघाले. दुकानदार त्याला ओळखत होता, म्हणजे कपाटाला ओळखत होता. "दार अजून कुरकुरतंय का?" असे विचारून त्याने संगणकात डोके घातले आणि म्हणाला, "अहो, तुमचे सगळे पैसे आलेत. खातं बंद करायचं बटण दाबायचं राहिलं. आमची पोरगी लग्न होऊन गेली ना, त्या गडबडीत." म्हणजे कुणाच्या तरी लग्नात तपासनिसाची इतकी पत खर्ची पडली होती. दुकानदाराने बटण दाबले, दाखला लिहून दिला, आणि जाता जाता वजनकाट्यांच्या खात्यात कुणी ओळखीचे असेल तर एका मेहुण्याचे काम आहे, असेही सांगितले.

मोठ्या दुकानाने मात्र ताकास तूर लागू दिली नाही. आधी दूरध्वनी. तिथे एक गोड आवाज त्याला वेगवेगळे आकडे दाबायला सांगून शेवटी पहिल्या आकड्यावर आणून सोडायचा. मग पतगुण देणाऱ्या कार्यालयाकडे तक्रार. तिथे कारण निवडायचे होते: हे खाते माझे नाही, रक्कम चुकीची आहे, खाते फेडून बंद केले आहे. चौथे कारण, की ही रक्कम चुकीची नसून सगळे जगच चुकीचे आहे, ते दिलेले नव्हते. त्याने तिसरे निवडले. आठवड्याने उत्तर आले: दुकानाकडे चौकशी केली, दुकान म्हणते खाते थकीत आहे, सबब नोंद बरोबर आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्यालाच विचारून निकाल देण्याची ही पद्धत तपासनिसाला ओळखीची वाटली. त्याच्या खात्यातही तशीच होती.

तेव्हा तो पावत्या घेऊन दुकानाच्या तक्रार खिडकीवर गेला. दुकान पाचमजली, शीतपेट्यांच्या, म्हणजे फ्रिजच्या, दोन्ही बाजूंना रांगा, प्रत्येकाचे दार किंचित उघडे, आत दिवा लागलेला आणि काहीही नाही. त्या रिकाम्या उजेडातून जाताना त्याला तो दिवस आठवायला लागला. नऊ वर्षांपूर्वीचा. सवलत लागली होती आणि दोघी बहिणींनी एकाच दिवशी फ्रिज घ्यायचे ठरवले होते. तपासनिसाला एक दार असलेला परवडत होता. साडूने दोन दारांचा घेतला. मग तपासनिसानेही दोन दारांचा घेतला. आजवर त्यांच्या घरात ते दुसरे दार बर्फाशिवाय कशासाठी उघडले गेले नव्हते, पण त्या दिवशी ते नसणे त्याला सोसवले नसते. हप्त्याचे खाते काढायला रांग होती. "तुम्ही व्हा पुढे," असे त्याने मोठेपणाने साडूला म्हटले. अर्जात स्वतःच्या पत्त्याखाली एक रकाना होता: आपणास ओळखणाऱ्या विश्वासू व्यक्तीचा फोन नंबर. त्याच्या मनात क्षणभरही दुसरा कोणी आला नाही. सासऱ्यांचा घरचा नंबर त्याला पाठ होता. तो न पाहता लिहिताना कोणीतरी पाहावे असेही त्याला वाटले. मान वर केली तर पुढच्या खिडकीशी साडू तोच नंबर खिडकीतल्या माणसाला तोंडी सांगत होता. घडाघडा, गाणे म्हटल्यासारखा. इतक्या बारीक गोष्टीने माणसाचा दिवस नासतो हे तपासनीस कुणाला सांगणार? पण नासला होता. पुढे दर महिन्याला हप्ता भरायला गेल्यावर खिडकीतून "फोन नंबर?" असे विचारत, आणि तो स्वतःचा न सांगता मुद्दाम सासऱ्यांचा सांगत असे. जणू तेवढ्या वेळापुरता तो त्या घरचा एकटाच जावई असायचा.

तक्रार खिडकीवरच्या मुलीच्या गळ्यात ओळखपत्राची पट्टी होती आणि नाकात सर्दी. तिने पावत्या पत्त्यांसारख्या पसरल्या.

"काका, या तुमच्या खात्याच्या नाहीतच."

"माझ्या हातात मिळाल्यात त्या."

"हातात मिळाल्या असतील, खातं दुसऱ्याचं आहे. हे बघा ना, इथं खात्याचा नंबर छापलाय. सगळ्यांवर हाच. तुमचा वेगळा आहे." ती शिंकली. "एकाच फोन नंबरवर दोन खाती आहेत. नंबर टाकला की जे आधी काढलं ते वर येतं. तुमचे सगळे पैसे त्या वरच्या खात्यात गेले. ते खातं एकदम स्वच्छ आहे. एक दिवससुद्धा उशीर नाही. उत्तम ग्राहक म्हणून आम्ही त्यांना इस्त्री दिलीय."

"इस्त्री," तपासनीस म्हणाला. ती इस्त्री त्याने पाहिली होती. वाफेची होती.

"आणि तुमच्या खात्यात सुरुवातीपासून काहीच नाही. आमची माणसं वसुलीसाठी फोन करत होती की. तीन-चार वर्षं केलेत. या नंबरवर."

पावती म्हणजे काय, वजनाचा दाखलाच. दुसऱ्याच्या काट्यावरचा शिक्का भिंग लावून वाचणाऱ्या माणसाने आपल्या पावतीवरचा नंबर एकदाही वाचला नव्हता. वाचायचे मनातही आले नव्हते, कारण भरताना त्याचे मन पैशात नव्हते, नंबरात होते. पण ही लाज नंतर आली. आधी आले ते दुसरेच, आणि जोरात आले. आठशे चार! त्यातले निदान शंभर तरी त्याचे होते. तो घाम गाळून हप्ते भरत होता आणि नाव साडूचे फुलत होते. त्याने दिवस भरले आणि इस्त्री साडूला झाली. आणि ते फोन. सासऱ्यांच्या घरात, त्या बुटक्या टेबलावरच्या फोनवर, तीन-चार वर्षे अनोळखी माणसे सांगत होती की तुमचा मोठा जावई हप्ते बुडवतो. पाणी केव्हा आटले ते त्याला आता महिन्यानिशी कळत होते. सासऱ्यांनी एका शब्दाने विचारले नव्हते. रोज दोनदा दात घासतो म्हणून सांगणाऱ्या लोकांची तोंडे आयुष्यभर पाहिलेला तो माणूस. त्याने गुपचूप आखूड हसायला सुरुवात केली होती. तपासनिसाला राग यायला हवा होता. त्याऐवजी त्याला आनंद झाला. काळा, दाट, पहिल्या प्रतीचा आनंद. त्याच्याकडे आता कारण होते, आणि ते कारण छापील होते.

सुट्टीच्या दिवशी तो सासऱ्यांकडे गेला तेव्हा साडू तिथे असेल याची त्याने बायकोकरवी आधीच खात्री करून घेतली होती. खोलीत दुपारचे ऊन जमिनीवर चौकोन पाडून बसले होते. सासरे त्यांच्या खुर्चीत आडवे, साडू समोर दुसऱ्या खुर्चीत. हीसुद्धा त्यानेच आणलेली. मेहुणी चहा घेऊन आली. तपासनीस उभा राहिला. बोलायला उभेच राहायचे, हे त्याने ठरवले होते.

"या साडूभाऊ! उभे का? तुमच्यासाठी पण एक पाठवतो म्हटलं होतं मी, पाठीला आधार देणारी."

"राहू दे. मामा, मला जरा बोलायचंय." आणि तो बोलला. पाठ केलेले होते, तरी मधे दोनदा पुढेमागे झाले. पावत्या त्याने सासऱ्यांच्या पोटावर ठेवल्या, कारण दुसरी सपाट जागा नव्हती. सासऱ्यांनी चष्मा लावून एक पावती उजेडाकडे धरली, एखादी दाढ पाहावी तशी.

"म्हणजे तू भरले होतेस," ते म्हणाले.

"सगळे. एकूण एक."

"मला फोन यायचे." सासऱ्यांनी चष्मा काढला. "उद्धट बोलायचे लेकाचे. मी सांगायचो, अडचणीत असेल पोरगा. घरचा माणूस आहे, देईल. मी कशाला तुला विचारून खाली बघायला लावू? हिलासुद्धा बोललो नव्हतो," ही म्हणजे सासूबाई, ज्या आता नव्हत्या. "एकदा तर मीच भरायला निघालो होतो. मग वाटलं, तुला आवडायचं नाही."

या वाक्यांची तयारी तपासनिसाने केलेली नव्हती. त्याला वाटले होते, सासरे त्याला तुच्छ मानत आले. सासरे त्याला सांभाळत आले होते. ते आखूड हसू जपून टाकलेले पाऊल होते, दुखऱ्या दाताला आरसा लागू नये म्हणून. इतकी वर्षे त्याला पाठीमागून कोणीतरी राखले होते, आणि आता त्याच्याच हातच्या पावत्यांनी तो राखण्याजोगा उरला नव्हता. एक जावई होता, त्याने हप्ते भरले होते. यात माया करण्यासारखे काय आहे? आणि एका विचित्र, स्वतःलाही न सांगण्याजोग्या रीतीने त्याला त्या दुसऱ्या माणसाचा हेवा वाटला: त्या थकीत, गरीब, बुडव्या मोठ्या जावयाचा, ज्याच्यासाठी या म्हाताऱ्याने अनोळखी माणसांशी फोनवर भांडणे केली होती.

"एक मिनिट," साडू म्हणाला. तो खुर्चीत सरळ बसला होता. त्याला सरळ बसलेला तपासनीस प्रथमच पाहत होता. "मामा, मग ते हप्ते... तुम्ही नव्हते भरत?"

"मी? मी कशाला भरू तुझे?"

"नाही, मी दोनदा भरला, आणि तिसऱ्यांदा गेलो तर ते म्हणाले, तुमचा भरलाय. पुढच्या महिन्यातही तेच. मला वाटलं, तुम्ही..." साडूने मेहुणीकडे पाहिले, ती कपबशीकडे पाहत होती. "मी म्हटलं, मोठ्यांनी मायेनं केलेल्या गोष्टीचा हिशेब विचारू नये. म्हणून बोललो नाही कधी. ही खुर्ची..." त्याने दांडा असलेल्या खुर्चीकडे बोट केले आणि वाक्य सोडून दिले.

सासरे दांडा शोधत होते, बहुधा उठून बसण्यासाठी, आणि त्यांना तो सापडत नव्हता. साडूच्या तोंडावरचा तो नेहमीचा गुळगुळीतपणा गेला होता. खाली एक साधा, बऱ्यापैकी टक्कल पडलेला, बाप लवकर गेलेला माणूस होता, ज्याला नऊ वर्षे असे वाटत होते की कुणीतरी न बोलता त्याचे भरते आहे. तपासनिसाला हेच हवे होते. अगदी हेच, गेले काही दिवस तो हे तोंड डोळ्यांपुढे आणून झोपला होता. आनंद झालाही. कपातला चहा गार होईपर्यंत तो टिकला, आणि चहा मेहुणीने मुळातच कोमट आणला होता.

"सांगायचंत ना साडूभाऊ," साडू शेवटी म्हणाला, आणि खिशातून मोबाइल काढला. "किती होतात?" बसल्या जागी, अंगठ्याने, त्याने सगळी रक्कम दुकानाच्या खात्यात भरून टाकली. त्याला दोन मिनिटेही लागली नाहीत. "झालं. आता दुकानाला सांगा, तुमचे हप्ते तुमच्या खात्यात टाका आणि हे माझ्या." निघताना त्याने तपासनिसाच्या पाठीवर थाप मारली नाही. ती तो दरवेळी मारायचा आणि तपासनिसाला ती दरवेळी खटकायची. घरी आल्यावर बायको म्हणाली, "जिंकलात ना? मग बसा आता."

पुढचे सगळे कागदांनी केले. दुकानाने पैसे इकडचे तिकडे केले, पतगुणांच्या कार्यालयाने दिलगिरीचा एक शब्दही न वापरता नोंद बदलली, आणि महिना संपायला चार दिवस असताना तपासनीस सातशे एकोणचाळीस होऊन बँकेत गेला. दार त्याने ओढले. ते ढकलायचे होते. बाईंनी पडदा पाहिला आणि पसंतीने मान हलवली. सह्या झाल्या, पान पान करून, प्रत्येक पानावर दोन. शेवटच्या पानावर त्यांनी पेन आडवे धरले.

"इथं जामीनदाराची."

"आता कशाला? दुरुस्त करून आणलं ना."

"पन्नाशीच्या पुढच्या सगळ्याच अर्जदारांना लागतो. त्याचा आणि पतगुणांचा काही संबंध नाही. मी मागेच बघून ठेवा म्हटलं होतं. आहे ना घरातलं कोणी?"

तपासनिसाने साडूचे नाव सांगितले. स्पष्ट, एकदाही न अडखळता. बाईंनी ते टाइप केले, वाट पाहिली आणि मान तिरकी केली.

"हे नाही चालायचे," त्या म्हणाल्या. "यांचं एका दुकानाचं खातं नऊ वर्षं थकीत होतं, याच महिन्यात भरलंय. वर्षभर कुणाला जामीन राहता येणार नाही."